सामाईक नदी-तलावांवर एवढं संशोधन होतं, पाणी वाटताना ते कुणी बघतं का?

बघतात. पण निघालेले निष्कर्ष बहुधा वरच्या अंगाच्या लोकांना अडचणीचे असतात, म्हणून भांडण कोर्टात गेल्यावर बघतात.

मला यातलं सगळ्यात पटलेलं काम नेपाळमधलं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतकऱ्यांनी चालवलेल्या पाटांची सरकारी कालव्यांशी तुलना केली. शेतकऱ्यांचे दगडामातीचे बांध दर पावसाळ्यात वाहून जायचे, तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी तिथेच जास्त चांगलं पोचत होतं. कारण बांध पुन्हा घालायला वरच्या शेतकऱ्याला खालच्याची माणसं लागत. पक्का काँक्रीटचा बंधारा आला की ती गरज संपते, आणि बऱ्याचदा खालच्याचं पाणीही तुटतं.

आमच्या धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटण्याची जुनी रीत) होती, तिच्यातही हीच खुबी आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड म्हणजे भाग, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा आपोआप सगळ्यांत वाटला जातो, भाषणं करावी लागत नाहीत. पाणी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी पाळीने सोडणारा माणूस, देणार, शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत.

आता गोदावरी घ्या. गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही धरणं वर, जायकवाडी खाली मराठवाड्यात पैठणला. नाशिक-नगरच्या ऊसवाल्याची पैठणखाली गुंठाभरही जमीन नाही, त्याला मराठवाड्याची गरज काय? ती गरज कायद्याने निर्माण करावी लागली. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाई समन्यायी वाटण्याचं कलम आहे. सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने त्यावरून आकडे बसवले: १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून सोडायचं. प्राधिकरणाने २०१४ मध्ये हे सूत्र लागू केलं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला तो याच सूत्रावर. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, अभ्यासाच्या तक्त्यावर दरवाजे उघडतात. अर्थात आंदोलनं, याचिका, पाणी वाटेत अडू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज तोडणं, बंधाऱ्यांच्या फळ्या काढणं हे सगळं सोबत येतंच, आणि कोरड्या पात्रात बरंच पाणी जिरतं ते वेगळंच.

माझी तक्रार एकच आहे. हे सूत्र धरणातलं पाणी मोजतं. लाभक्षेत्रात त्याच पाण्यावर भरणाऱ्या विहिरी आणि बोअर त्याच्या बाहेर राहतात. फडही नुसत्या वरच्या धरणांमुळे मोडले नाहीत. ज्याच्या शेतात विहीर आली त्याला पाटकऱ्याची पाळी पाळायचं कारण उरलं नाही. अभ्यासाला विषय शोधत असाल तर हाच घ्या: भूजल धरून वाटप कसं करायचं. धरणांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.