वय ५२, रंकाळ्यावर भरभर चालतो. नाडी किती वाढू द्यावी?

२२० वजा वय केलं की तुमची कमाल नाडी १६८ येते. संशोधक तनाका यांचं २००१ चं सूत्र (२०८ वजा वयाची ०.७ पट) १७२ सांगतं. दोन्ही अंदाजच. माणसागणिक १०-१२ ठोके सहज इकडेतिकडे होतात, तेव्हा घड्याळातल्या आकड्यावर जीव टांगू नका. चालताना कमालीच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे साधारण ८४ ते ११८ पुरे. थांबल्या थांबल्या मनगटावर १५ सेकंद ठोके मोजा, गुणिले ४. बोलता येतंय पण गाणं म्हणवत नाही, इतपत दम लागावा. पन्हाळ्याच्या चढाला आकडा झपकन वर जातो, तिथं बेतानं. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी) गोळी चालू असेल तर ही सूत्रं धरूच नका, डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं तर नाडी कितीही असो, तिथंच बसा नि मदत बोलवा.