‘खात्यात आपलं माणूस’ पाहिजे म्हणून पोरीला परीक्षेला बसवू नका

तासगावकडच्या एका बेदाणा शेडच्या मालकांचं पत्र आलंय. मुलगी बी.कॉम. झाली, ७४ टक्के पडले, तिला एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून असंघटित कामगारांसाठी काम करायचंय. वडिलांचं म्हणणं, एवढाच कामगारांचा पुळका आहे तर एमपीएससी देऊन सरकारी कामगार अधिकारी हो. "पोस्टला वजन आहे, खात्यात आपलं माणूस असलं की धंद्यालाही बरं, क्लास कुठला लावू?" असं विचारलंय. आणि खाली जाता जाता एक तक्रार, की सुट्टीत तिला शेडवर बसवली तर निवडायला येणाऱ्या बायकांची वेगळी हजेरीवही लिहायला लागली, मुकादम नाराज झाला, शेवटी वही काढून घेतली.

दादा, क्लासचं नंतर बघू. मार्क चांगलेच आहेत, त्याचा प्रश्नच नाही. मला घोर लागला तो ‘खात्यात आपलं माणूस’ ह्याचा. कामगार तपासणीचा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, एक करार आहे, क्रमांक ८१, १९४७ चा, आपल्या देशानं १९४९ ला तो मान्य केलाय. त्यात सरळ लिहिलंय की निरीक्षकाच्या हाताखाली जी ठिकाणं येतात त्यात त्याचा प्रत्यक्ष किंवा आडून कसलाही हितसंबंध नसावा, आणि तक्रार कुणी केली हे त्यानं मालकाला कळू द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही पोरीचा जो उपयोग मनात धरलाय, नेमका तोच तिला बंद आहे. समजा झाली ती अधिकारी, आणि एक दिवस एखादी बाई ऑफिसात आली की दोन आठवड्यांची मजुरी अडकवलीय, आणि तो शेडवाला तुमच्याच पाहुण्यातला निघाला, तर रात्री फोन तुम्हालाच येणार ना, की जरा पोरीला सांगा म्हणून? मग तिनं काय करायचं, बापाचं ऐकायचं का त्या बाईचं? पंचविशीतल्या पोरीवर हे ओझं घरातनंच टाकायचं हे मला अजिबात पटत नाही. स्पष्ट सांगते, ह्या पत्रात तुम्ही तिच्या करिअरचा विचार केलेलाच नाही, धंद्याची सोय बघितलीय.

आता ती वही. तिनं काय लिहिलं होतं ते तुम्हीच पत्रात दिलंय: नाव, आली किती वाजता, गेली किती वाजता, निवडलेला माल किती किलो, उचल किती, बाकी किती. आणि शेवटच्या पानावर, गंधकाची धुरी दिलेल्या मालाजवळ बसून बायका खोकतात, तोंडाला बांधायला काही नाही, बाथरूमला शेजारच्या द्राक्षबागेत जावं लागतं. अहो, तपासणीला आलेला माणूस दुसरं काय बघतो? मुकादमाची वही एक सांगते, बाई दुसरंच सांगते, आणि लिहिलेलं काही नसलं की बाईचं खरं असूनही टिकत नाही. असंघटित कामात कायदा हरतो तो जास्त करून इथंच, कोण कुठं कुणाकडं राबतंय ह्याची नोंदच कुठं नसते, त्यामुळं आधीच माणसं कमी असलेल्या खात्यानं जायचं तरी कुठल्या शेडवर. हे तिला कुणी न शिकवता सुचलं आणि तुम्ही त्याला आगाऊपणा म्हणताय, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

अजून एक, "आमच्याकडं दहाच्या आतच बायका, आम्हाला कायदा लागत नाही" असं जे लिहिलंय ते डोक्यातनं काढून टाका. जुन्या कारखाना कायद्याला माणसांच्या संख्येची अट होती, दुकानांच्या कायद्याला आहे, हे खरं, पण किमान वेतनाला तशी अट नाही, एक बाई कामाला असली तरी ते द्यावं लागतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तर ते सगळ्याच कामांना धरलंय. चौदाच्या आतलं पोर मजुरीला ठेवायला बंदी आहे, मग माणसं किती का असेनात. कामावर बाईची छेडछाड झाली तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, २०१३ च्या कायद्यानं, आणि ती मुद्दाम दहाच्या आतल्या ठिकाणांसाठीही केलेली आहे. आणि तपासणी म्हटलं की धाड आणि दंड एवढंच डोळ्यापुढं आणू नका. वेतन संहितेत खटल्याच्या आधी लेखी सांगून सुधारायला मुदत द्यायची तरतूद आहे, फक्त पाच वर्षांत तीच चूक परत केली तर ती सवलत मिळत नाही.

नोंद ठेवली की काय होतं ते सांगलीच्या मार्केट यार्डात जाऊन बघा, हळदीची पोती उचलणाऱ्या एखाद्या नोंदीत हमालाला विचारा. पाटण तालुक्यातनं मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांना, उभं केलं, १९६९ ला कायदा झाला, आता मालक मजुरी आणि वरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळाकडं भरतो आणि त्यातनं हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, रजा मिळते. मालक बदलला तरी हमालाचं खातं तेच राहतं. तुमच्या लेकीला ज्या कामात रस आहे ते हे.

परीक्षांचं थोडक्यात: सरकारी कामगार अधिकारी एमपीएससीतनं, पीएफचा एन्फोर्समेंट ऑफिसर यूपीएससीतनं, कारखाना निरीक्षकाला इंजिनिअरिंग लागतं म्हणून तो रस्ता तिचा नाही. माझं मत, तिला एमएसडब्ल्यू करू द्या, जोडीला कामगार कायद्याचा डिप्लोमा, फिल्डवर्कला माथाडी मंडळ नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्यांवर काम करणारी एखादी संस्था. त्यानंतर तिला वाटलं तर परीक्षा देईल, आणि दिली तर तुमच्या जिल्ह्यापासनं लांब पोस्टिंग मागेल अशी आशा करते.

ह्यात तुमचं काम एकच, वही तिला परत द्या, आणि मुकादमाला सांगा की ह्या सीझनला पैसे त्या वहीप्रमाणे द्यायचे. पुढचं पत्र मात्र तिनं स्वतः लिहू दे. एकटीनं गाडीवर वाडीवस्तीवर जायची तयारी आहे का आणि समोर मालक आवाज चढवून बोलत असताना शांतपणे लिहिता येतं का, हे मला तिलाच विचारायचंय.