किट पॉझिटिव्ह दाखवते, तिथून काम सुरू होतं

प्रिय विद्यार्थिनी,

तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विषय रसायनशास्त्र. शरीरातले अमली पदार्थ शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं तुझ्या मनात आहे. पण दिवसभर रक्त-लघवीचे नमुने हाताळायचे, हे आईला पटत नाही आणि मावसभाऊ म्हणतो, 'सगळं मशीनच करतं, तू नुसती बटणं दाबणार.'

आईची काळजी लवकर मिटेल. हातमोजे, गॉगल, एप्रन, लसीकरण, सगळ्याची शिस्त असते आणि वासाचीही सवय होते.

मावसभावाचं म्हणणं मात्र मला मुळीच मान्य नाही. पहिली चाचणी बहुधा इम्युनोअसे असते, म्हणजे प्रतिपिंड (ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन) वापरून पदार्थ ओळखणारी तयार किट. त्यातलं प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखतं, त्यामुळे मिळत्याजुळत्या आकाराला फसू शकतं. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन काही किटना अँफेटामिन वाटतं. खसखशीची गोष्ट आणखी अवघड आहे. ती खाल्लेल्या माणसाच्या लघवीत खरोखरच मॉर्फिन सापडू शकतं. किट चुकलेली नसते, आपण काढलेला अर्थ चुकतो. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी नोकऱ्यांमधल्या तपासणीत १९९८ मध्ये मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. पण हेरॉइनचंही शरीरात मॉर्फिनच होतं, मग हेरॉइन घेतलंय हे ठरवायचं कसं? हेरॉइन शरीरात मोडताना ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन तयार होतं, ते खसखशीतून येत नाही. पण लघवीतून ते साधारण दिवसभरात नाहीसं होतं, म्हणजे सापडलं नाही म्हणून हेरॉइन घेतलंच नाही, असंही म्हणता येत नाही. असा विचार मशीन करत नाही, तो तुलाच करावा लागेल.

मी एकदा अशा प्रयोगशाळेत तासभर एका विश्लेषक बाईंच्या शेजारी बसले होते. रेणूचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, मोजून पदार्थ ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर आलेखाचं शिखर अगदी हव्या त्या मिनिटाला उमटलं. मला वाटलं, झालं काम. त्यांनी मात्र त्या आयनांचं एकमेकांशी गुणोत्तर पाहिलं, ते त्याच पदार्थाच्या खात्रीच्या नमुन्यातल्या गुणोत्तराशी जुळत नव्हतं. तपासायच्या नमुन्याच्या त्याच बाटलीतून नवा भाग काढून त्यांनी अर्क काढण्यापासून सगळं पुन्हा केलं. दुसऱ्यांदाही जुळलं नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, 'निश्चिती झाली नाही.' कुणाची तरी नोकरी त्या ओळीवर टांगलेली असते गं.

असे बारकावे पुष्कळ आहेत. रक्तातलं कोकेन नळीतसुद्धा मोडत राहतं, म्हणून नळीत सोडियम फ्लोराइड घालतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासूनचे ३ सेंटिमीटर मागच्या तीनेक महिन्यांची हकीकत सांगतात.

एम.एस्सी.ला मी ॲनालिटिकल केमिस्ट्री सुचवेन, विषशास्त्र त्यानंतर. फॉरेन्सिकचा अभ्यासक्रमही चालेल, पण प्रवेशाआधी विचार की विद्यार्थ्यांना उपकरणावर स्वतः किती तास बसायला मिळतं. नुसतं लांबून दाखवत असतील तर तिथे जाऊ नकोस. संख्याशास्त्र आत्तापासूनच मनावर घे. कामाची ठिकाणं फक्त पोलीस तपासाची नाहीत, रुग्णालयं आणि खेळाडूंची उत्तेजक चाचणीही आहे.

आता एक कर. तुझी प्रॅक्टिकलची वही उघड. टायट्रेशनची तीन रीडिंग जुळली नाहीत, तेव्हा तू आहेत तशी लिहिलीस की जुळवून घेतलीस? जे असेल ते मला खरं खरं कळव, मग पुढचं बोलू.