सायकलला पॉवर मीटर (पायाचा जोर वॅटमधे मोजणारं यंत्र) घेतलाय, पण झोन 2 मधे, म्हणजे हलक्या जोरात चालवतानाच दम लागतो. माझं काय चुकतंय?

झोन 2 मधे दम लागत असेल तर तुमचा एफटीपी (साधारण तासभर टिकंल एवढा जास्तीत जास्त वॅटचा आकडा, त्याच्याच टक्क्यांवर झोन ठरतात) खोटा आहे. एवढं ठासून सांगतोय कारण सात महिने हा येडेपणा मी स्वतः केलाय, आन तो पण दाजींच्या सल्ल्यानं.

टेस्ट तुम्हाला माहीतच असंल, 20 मिनिटं जीव तोडून चालवायचं आन सरासरी वॅटचे 95 टक्के धरायचे. मी सपाट रस्त्यावर करणार होतो. दाजी मनले, सपाटीला कशाला, दौलताबादचा घाट घे, तिथं आकडा भारी येतो. दाजी जालन्याचे, बियाण्याचं दुकान, सायकलवर माझ्या चार वर्षं आधी, त्यामुळं त्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. घाट चढलो, वर पोचलो तर घड्याळात 9 मिनिटं. उरलेली 11 कुठून आणू? "सोड रे, 9 काय आन 20 काय, सरासरी ती सरासरी." सरासरी आलती 248, मनून एफटीपी 236. घरी आल्याआल्या ताईला सांगितलं 236, ती मनली कशाचे, रुपयाचे का?

आता 9 मिनिटं माणूस दात-ओठ खाऊन कायपण ओढतो, पुढच्या 11 मधे खरं-खोटं कळतं. 236 च्या हिशोबानं झोन 2 (56 ते 75 टक्के) निघाला 132 ते 177 वॅट, आन मी इमानदारीत रोज 170 ला चिकटून वेरूळ करून यायचो. घरी आल्यावर चहाचा कप धरला की बशी वाजायची. दुपारी ऑफिसात पेंग. मला वाटायचं पाय तयार होऊ राह्यलेत. एफटीपी मात्र जागचा हलंना.

शेवटी थंडीत ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचं स्टँड) पूर्ण 20 मिनिटं केली. 221 आले, मंजे एफटीपी 210. त्याच्या हिशोबानं माझे ते 170 मंजे 81 टक्के, सरळ सरळ झोन 3, ज्याला टेम्पो मनतात! धड हलकं नाही, धड जोराचं नाही. नवीन झोन 2 निघाला 118 ते 158. पहिल्या दिवशी 140 नं निघालो तर शरणापूरच्या पुढं एक आजोबा हँडलला पिशवी अडकवून, चप्पल घालून, मला मागं टाकून गेले, वर वळून बघितलं पण. लाज वाटली, पण दीड तास मित्रासोबत बडबड करत गेलो, एकदाबी वाक्य तोडावं लागलं नाही. झोन 2 असाच असतो.

दाजींना सांगितलं 210 आले. "पाह्य, वॅट वॅट करत बसला आन 26 कमी झाले तुझे."

सगळा दोष दाजींचाच असं नाही मनत मी, ट्रेनरवर बऱ्याच जणांचा आकडा रस्त्यापेक्षा थोडा कमीच येतो, पंखा नसला तर अजूनच कमी, मनून ज्याच्यावर चालवता त्याच्यावरच टेस्ट करा. निघायच्या आधी मीटरचं झीरो ऑफसेट (जोर नसताना आकडा शून्यावर आणणं) करून घ्या, गाडी उन्हात उभी असंल तर हमखास. माझा मीटर डाव्या क्रँकचाच (पायडलच्या दांड्याचा) आहे, डाव्या पायाचे वॅट दुप्पट करून दाखवतो, तुमचा तसा असंल तर दुसऱ्याच्या आकड्याशी बरोबरी करू नका. आन मे महिन्यात आपल्याकडं 42 पारा असताना त्याच 140 ला माझे ठोके शेवटच्या तासात 12-15 नं वर जातात, तिथं मी वॅट सोडून देतो आन ठोक्याचं ऐकतो.

टेस्टला जाताना सोबत कोणी नेऊ नका, नात्यातला मोठा माणूस तर अजिबात नाही. ताई, वाचत असशील तर दाजींना सांग, 9 आन 20 मधे 11 चा फरक असतो, बियाणं मोजताना बरा कळतो त्यांना.