क्रिकेटवेड्या पोराला बेसबॉल शिकवताना

ताई, मुलाला बेसबॉल शिकवायचं म्हणता, पण तो सहाच वर्षांचा आहे, तर पिचिंगची (म्हणजे मारणाऱ्याकडे चेंडू फेकण्याची) घाई अजिबात नको. टी-बॉलने सुरुवात करा, म्हणजे स्टँडवर ठेवलेला मऊ चेंडू मारायचा. शिवाजी पार्कात क्रिकेट बघत वाढलेली आपली पोरं फटका मारून बॅटसकट पळतात. इथे बॅट खाली सोडायची. भिरकावायची मात्र नाही, मागे कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा खेळाडू असतो! आणि चेंडू फेअर गेला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आत राहिला, की पळावंच लागतं, ‘नो, नो’ म्हणून उभं राहता येत नाही. पहिला बेस (पळत गाठायचा टप्पा) ओलांडून सरळ पुढे गेलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्यावर पाय टेकवूनच थांबायचं. उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लव्ह (चेंडू झेलायचा चामडी हातमोजा) डाव्या हातात. नवा ग्लव्ह कडक असतो, रात्री आत चेंडू ठेवून घट्ट बांधून ठेवा. पावसाळ्यात बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये नुसतं फेकणं-झेलणं करा, तेवढं पुरे.