माशी कुठे शिंकली

अगं मुली,

तुझी मेल तीनदा वाचली. फिजिक्सवाले म्हणतात हे फिजिक्स नाही, बायोवाले म्हणतात तुला बायो येत नाही, मग मी नक्की कोण? हा प्रश्न मला 1989 साली पडला होता. उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. ते सोड. मला खटकलं ते वेगळंच. सोबत जोडलेल्या सहा पानी गणिती मॉडेलात, तू फळमाशीचं अंडं एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली धरलंस, याची खूण कुठेच नाही.

आधी अंडं बघ.

जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. पातळ ब्लीचमध्ये दोनेक मिनिटं ठेवलं की कवच निघतं, तेलाच्या थेंबात आरपार दिसतं. मग खुर्ची ओढून तीन तास बस. आत केंद्रकांची तेरा विभाजनं होतात, तीही मधे पेशीचा पडदा न घालता. सुमारे 6000 केंद्रकं कडेला येऊन रांगेत उभी राहतात, त्यांच्यामध्ये पडदे उतरतात, आणि लगेच पोटाची बाजू आत दुमडायला लागते. हे बघून गप्प झाली नाहीस तर खुशाल बँकेची परीक्षा दे.

मी बघितलं नव्हतं. याच अंड्यात एक जनुक सात पट्ट्यांपुरतंच चालू होतं, म्हणजे त्याचे सात पट्टे उमटतात. दोन रसायनं पसरता पसरता आपसांतल्या क्रियेने पट्टे घडवू शकतात, हे ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने 1952 सालीच मांडलं होतं. सात पट्टे दिसले आणि मला वाटलं, घबाड सापडलं! चार वर्षं समीकरणं सोडवली. माशा पाळणारी प्रयोगशाळा शेजारच्याच इमारतीत होती. तिकडे पाय वळला नाही. मग कळलं, की माशी असलं काही करतच नाही. दुसऱ्या पट्ट्यात जनुक चालू करायला डीएनएचा एक तुकडा, तिसऱ्या आणि सातव्यासाठी दुसराच. सरकारी कचेरीसारख्या निरनिराळ्या फायली!

आता हेही ऐक. माझी समीकरणं चुकीची नव्हती. 1995 साली जपानमध्ये एका समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे वाढीबरोबर सरकताना दाखवले गेले, अगदी ट्युरिंगच्या हिशेबाने. मला मासा हवा होता, मी माशी धरली. लोक हसतात, हसू देत. गणित बरोबर होतं.

पण अंडं बघितलं नव्हतं.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात माशीवाले आणि फिजिक्सवाले एकत्र बसले, तेव्हा 2007 साली मोजलं गेलं, की अंड्याच्या डोक्याकडून उतरत जाणारं बायकॉइड या प्रथिनाचं प्रमाण एका अंड्यापासून दुसऱ्या अंड्यात जेमतेम दहा टक्क्यांनी बदलतं. एवढी काटेकोर मोजणी कागदावर बसून होत नाही गं.

कुठे अर्ज करायचा ते फोनवर बोलू, ते किरकोळ आहे. सोमवारी माशांच्या खोलीत जा. यीस्टचा वास येतो, आठवड्यात सवय होते. तुझं मॉडेल मी वाचून ठेवलंय, पण त्यावर एक अक्षर लिहिणार नाही. आधी अंड्याचं चित्र पाठव. फोटो नको. पेन्सिलने काढलेलं.

तुझा,
सर