स्की येत नसेल तरी म्युरेनला जावं का?

डिसेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला चाललो आहोत, स्की कुणालाच येत नाही, मग जवळच्या म्युरेन या डोंगरावरच्या गावी जाण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण सकाळी जाऊन दुपारी परत असा बेत असेल, तर जाऊ नका. निदान एक रात्र मुक्काम करा. दिवसभराची गर्दी उतरून गेली की गाव खऱ्या अर्थाने गावासारखं वाटतं.

गाव कड्याच्या माथ्यावर, सुमारे १,६४० मीटरवर आहे. खाली लाउटरब्रुनेनची खोल दरी आणि समोर आयगर, म्योंश, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने उभी. पर्यटकांच्या मोटारी इथवर येतच नाहीत.

इथली छोटी रेल्वे १८९१ची, पण तेव्हा ती उन्हाळ्यापुरतीच चालायची आणि हिवाळ्यात हॉटेलांना कुलूप. १९१०च्या सुमारास हेन्री लन या इंग्रज सहल-व्यावसायिकाने ती हिवाळ्यातही चालू करवली. हे गृहस्थ पूर्वी भारतात मिशनरी होते, आणि त्यांचा मुलगा अर्नोल्ड १८८८ साली मद्रासमध्ये जन्मला. पुढे सगळा उद्योग केला तो या अर्नोल्डने. तोवर वळणांच्या स्की-स्पर्धेत ऐट पाहून गुण मिळत. त्याने १९२२मध्ये म्युरेनला उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि सांगितलं, यातून जो सर्वांत आधी खाली पोचेल तो जिंकला. आजचा स्लालम तो हाच. १९२४मध्ये त्याने इथे क्लब काढला, त्याचं नाव कंदाहार! अफगाण युद्धातल्या कंदाहार मोहिमेमुळे ज्यांच्या पदवीत ‘कंदाहार’ आलं, त्या लॉर्ड रॉबर्ट्स या ब्रिटिश सेनानींनी १९११मध्ये एका स्की-शर्यतीला करंडक दिला होता, त्यावरून ते आलं. अल्पाइन स्कीइंगची (डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींची) पहिली जागतिक स्पर्धाही १९३१मध्ये इथलीच, आणि तीत पहिल्यापासून स्त्रिया होत्या. एस्मे मॅकिनन या ब्रिटिश मुलीने महिलांच्या डाउनहिल (म्हणजे वेगाने खाली उतरण्याची) आणि स्लालम दोन्ही शर्यती मारल्या. ऑलिंपिकला अल्पाइन स्कीइंग घ्यायला १९३६ उजाडलं.

आता तुमच्या कामाचं. लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुट्शआल्प, तिथून ती जुनी रेल्वे. दुसरी वाट श्टेशेलबेर्गच्या रोपवेची. जाताना एक, येताना दुसरी धरा. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा प्रवासाचा पास) म्युरेनपर्यंत चालतो. वर शिल्टहॉर्न शिखरावर (२,९७० मीटर) जायला वेगळे पैसे पडतात. वरचं फिरतं रेस्टॉरंट १९६९च्या बाँडपटामुळे गाजलं आणि अजून त्याच भांडवलावर चालतंय. बाँडचं प्रदर्शन मला अंमळ जास्तच वाटतं, देखावा मात्र पैसे वसूल करणारा. आकाश स्वच्छ असेल तरच तिकीट काढा. वरचे कॅमेरे थेट दृश्य दाखवतात, ते आधी बघा. पर्यटकांचं दुसरं आवडतं ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, त्यामानाने आई-बाबांना इथे दम कमी लागेल.

गावाच्या वरच्या आलमेंडहुबेलला फ्युनिक्युलरने (दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या उतारावरच्या रेल्वेने) चढून स्लेजवर (घसरगाडीवर) घसरत गावात यायला स्की यावी लागत नाही. ज्येष्ठांनी वरच्या बाकावर ऊन खावं आणि फ्युनिक्युलरनेच उतरावं.

जेवणाची सोय आधी विचारून ठेवा. शाकाहारी असाल तर चीज आणि बटाटे यांच्याशी मैत्री करावी लागेल. आणि बुटांना लावायचे काटे विसरू नका. गावातल्या गल्ल्याही उताराच्या आहेत आणि बर्फ दाबून काचेसारखा गुळगुळीत होतो.